टपालाने आलेले वाण

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलण्यासाठी जो विषय दिला तो 'परसबाग'. विषय मोठा आणि मला दिलेला वेळ थोडा. शिवाय आपल्यातल्या निम्म्याअधिक जणींना परस उरलेले नाही, गॅलरी आहे. म्हणून मी त्यातली एकच गोष्ट उचलते. वाल, पावटा, घेवडा यांचे आपल्या घराण्यातून चालत आलेले जुने बी कसे टिकवावे आणि ते एकमेकींना टपालाने कसे पाठवावे, एवढेच मी बोलणार आहे.

'वाण' हा शब्द आपल्या भाषेत मोठा गमतीचा आहे. संक्रांतीला आपण लुटतो ते वाण, आणि शेतकरी बियाण्याची जात सांगतो तेही वाण. हे दोन शब्द मुळात एक की वेगळे, ते पंडितांनी पाहावे. मला एवढे दिसते की दोन्ही वाणे घरात ठेवून उपयोग नाही, ती दिलीच पाहिजेत. घेवड्याचे बी नीट कोरडे ठेवले तर तीनचार वर्षे चांगले उगवते. दमट हवेत त्याहून कमी. म्हणजे डब्यात ठेवलेले बी ही काही पुरलेली मोहोर नव्हे. दरसाल त्याचे आयुष्य कमी होत असते. दर दोन वर्षांनी ते कुणीतरी पेरलेच पाहिजे. आणि पेरणारे घर एकच असेल, तर एका अतिवृष्टीत, एका आजारपणात, एका घराच्या वाटणीत ते संपते.

आपल्या मंडळातल्या एक जुन्या सभासद आता हयात नाहीत. त्यांचे माहेर रायगड जिल्ह्यातले. त्यांच्या माहेरी कडव्या वालाचे एक बारीक दाण्याचे वाण होते. भात कापून झाले की त्याच ओलीवर ते पेरायचे. बिरडे केले की दाणा शिजून मऊ व्हायचा पण फुटायचा नाही, असे त्या सांगत. पुढे जमीन विकली गेली आणि माहेरी पेरा थांबला. बाईंच्या फडताळात एक बरणी होती. तिला भुंगा लागला. गोष्ट इथेच संपायची. पण बाईंनी काही वर्षांपूर्वी आपल्या सांगलीच्या नणंदेला मूठभर दाणे टपालाने पाठवले होते. नणंदबाईंनी ते विहिरीच्या कडेला लावले, पुढच्या वर्षी पुन्हा लावले, आणि लावीतच राहिल्या. बाईंच्या शेवटच्या आजारात सांगलीहून एक लहानसे पुडके आले. त्यात तेच वाल होते. आज आपल्यापैकी चार घरी जे वाल आहेत, ते त्या पुडक्यातले.

बाईंनी दिले नसते, तर त्यांना परत मिळाले नसते. हिशेब इतका सरळ आहे, आणि जगात जिथे जिथे हौशी माणसांनी जुने बी वाचवले आहे, तिथे तो याच रीतीने सुटलेला दिसतो. अमेरिकेचेच पाहा. तिथे १९७५ साली डायेन ऑट व्हीली आणि केंट व्हीली या तरुण दांपत्याने बियांच्या देवघेवीची एक मंडळी सुरू केली. डायेनबाईंच्या आजोबांनी त्यांना एका फुलवेलीचे आणि एका टोमॅटोचे बी दिले होते. हे बी पूर्वजांनी जर्मनीतल्या बव्हेरियाहून येताना बरोबर आणलेले. आजोबांच्या मागे ते आपल्यापाशीच राहिले, हे ध्यानात येताच त्यांना वाटले, असे बी किती घरांत असेल आणि किती घरांतून म्हाताऱ्या माणसाबरोबर गेले असेल! मग ज्यांच्यापाशी जुने बी आहे त्यांची नावे, पत्ते आणि वाणांची वर्णने छापून वाटायला सुरुवात झाली. ज्याला जे हवे त्याने ते ज्याच्यापाशी असेल त्याला पत्र लिहून मागवायचे. मधे दुकानदार नाही. 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' या नावाने ही संस्था आयोवा राज्यात डेकोरा या गावी आजही काम करते.

तिथलेच जॉन विदी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे बालपण मेन राज्यात गेले. त्या भागात जमिनीत खड्डा करून, निखारे घालून, त्यात घेवड्याचे भांडे पुरून ठेवतात आणि रात्रभर शिजू देतात. आपल्याकडे रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून लावतात ना, तिचाच हा लांबचा चुलतभाऊ म्हणा. विदींना मोठेपणी त्या लहानपणच्या घेवड्याची आठवण झाली, आणि शोधता शोधता ते दुसरेही घेवडे जमवू लागले. हौशी माणसांना ते दाणे पाठवीत. त्यांनी लावायचे आणि नवे बी विदींना परत पाठवायचे. असे करता करता अकराशेहून अधिक वाणे जमली! एका माणसाने दरसाल ती पेरायची कशी? १९८१ साली त्यांनी तो सगळा संग्रह वर सांगितलेल्या संस्थेच्या हवाली केला. मला त्यांच्या जमवण्यापेक्षा हे देऊन टाकणे जास्त मोठे वाटते. आपल्यातल्या काहीजणींना चार साड्यासुद्धा सुनेच्या हाती देववत नाहीत. (हशा)

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. १८३८-३९ साली अमेरिकेच्या सरकारने चेरोकी लोकांना त्यांच्या आग्नेयेकडील मुलखातून हुसकून, सैनिकांच्या पहाऱ्यात, आजच्या ओक्लाहोमाकडे नेले. त्या प्रवासात थंडीने, रोगाने, उपासमारीने हजारो माणसे मेली. त्या वाटेला 'अश्रूंची वाट' असे नाव पडले. त्या लोकांनी बरोबर नेलेला म्हणून एक काळाभोर, बारीक दाण्याचा वेलघेवडा चेरोकी घराण्यांत पेरला जात असे. १९७७ साली ओक्लाहोमातल्या जॉन वाइच नावाच्या चेरोकी वंशाच्या दंतवैद्यांनी त्याचे थोडे दाणे व्हीली दांपत्याच्या मंडळीकडे पाठवले. आज तो कितीतरी देशांतल्या बागांत आहे. घर गेले, जमीन गेली, तरी कुणीतरी दाणे गाठीला मारले. ते हात बाईचेच असावेत असे मला आपले वाटते. त्याला पुरावा मागू नका.

आता कुणी म्हणेल, परमुलखाचे घेवडे आपल्याला काय करायचे? पण आपण ज्याला फरसबी किंवा श्रावण घेवडा म्हणतो तो, राजमा, आणि ज्या वाघ्या घेवड्याला सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचे नाव लावून भौगोलिक मानांकन मिळाले आहे तो, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर ते जहाजांतून बाकीच्या जगात पसरले. डबल बीचेही तसेच. चवळी आफ्रिकेतून आली. तेव्हा हे सगळे दाणे कुणा ना कुणाच्या गाठोड्यातूनच आपल्याकडे आलेले आहेत, आणि आता ते आपल्या शेतात मुरून आपलेच झाले आहेत.

आणि आपल्याकडे तरी उदाहरणे कमी कुठे आहेत? अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण वाल-घेवड्याच्या नाना जाती त्यांनी जमवल्या, घरात बियाण्याची पेढी घातली आणि शेतकऱ्यांना बी देत राहिल्या. अशा पेढ्यांची जुनी रीत म्हणजे न्यावे पायलीभर, हंगामानंतर द्यावे दोन पायल्या. व्याज म्हणाल तर भरमसाट, पण कुणी बुडाल्याचे ऐकिवात नाही.

आता कामाचे बोलते. लिहून घ्यायचे असेल त्यांनी घ्यावे.

बियासाठी शेंगा कोणत्या ठेवायच्या? आपली सवय अशी, की पहिल्या भरदार शेंगा भाजीत जातात आणि शेवटी वेलावर राहिलेल्या किडक्या-वाकड्या आपण 'बियाला असू देत' म्हणून सोडतो. ही सवय वाईट आहे. दहा वर्षे असे केले की वाण बिघडला म्हणून ओरड करायची! चांगले निरोगी वेल आधीच हेरावेत, त्यांना रंगीत चिंधी बांधावी, आणि त्या वेलाच्या शेंगेला घरात कुणी हात लावायचा नाही. ज्या वेलाची पाने चितकबरी होऊन आकसली असतील त्याचे बी देऊ नये. तो रोग बियातून जातो. शेंग वेलावरच वाळू द्यावी. दाणे सावलीत सुकवावेत. दाताखाली दाबला की खूण न उमटता कटकन फुटला पाहिजे, तेव्हा तो सुकला. भुंग्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच येतात, म्हणून बरणी कितीही घट्ट असली तरी आतून भुंगा निघतो. राख आणि कडुनिंबाचा पाला हे जुने उपाय आहेतच. पण दाणे पुरते कोरडे असतील तर हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. ओलसर दाणे मात्र तिथे ठेवले तर कोंबच मरेल.

फरसबीच्या जातीचे फूल उमलण्यापूर्वीच आतल्या आत फळते, म्हणून दोन वाणे जवळ लावली तरी फारसा संकर होत नाही. वालावर भुंगे, मधमाशा येतात. तिथे दोन वाणांत अंतर ठेवावे, किंवा बियाच्या कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधावी. बी उगवते की नाही हे पाहण्यासाठी तर शिकवणीची गरजच नाही. जिने उभ्या जन्मात बिरड्याला मोड आणले, तिने दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवले ते मोजावे, झाले.

पाठवताना साध्या पाकिटात सुटे दाणे कधी घालू नयेत. ठसा बसताना आणि थैल्या आपटताना दाणा दुभंगतो, आणि दुभंगला की गेला. त्यात टपालखात्याचा दोष नाही, आपल्या बांधणीचा आहे. कागदाची पुडी, तिच्याभोवती कापूस, आणि हे सगळे रिकाम्या काड्यापेटीत. याहून चांगली पेटी मला अजून सापडलेली नाही. पूर्वीची रजिस्टर पोस्टाची सोय १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात सामील झाली आहे, तेव्हा ज्यांना पोच हवी त्यांनी तसे पाठवावे. मागणाऱ्या बाईने पत्राबरोबर तिकिटे लावलेले, स्वतःचा पत्ता घातलेले पाकीट धाडावे. देणारीने दाणेही द्यायचे आणि पदरचे पैसेही, हे बरे दिसत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची ती पुडीवरची चिठ्ठी. नुसते 'घेवडा' लिहू नका. एका गावी घेवडा म्हणतात तो दुसऱ्या गावचा वाल असतो. वालाच्या दाण्यावर पांढरी जाड रेघ असते, राजम्याच्या जातीत ती नसते. फुलाचा रंग, शेंगेचा आकार, दाण्याचा रंग, वेल की झुडूप, हे लिहावे. कुणाकडून मिळाले, कोणत्या गावचे, कोणत्या साली पिकवले, ते लिहावे. आणि पेरायचा महिना तर अवश्य लिहावा. जुन्या वालाला दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फूल येत नाही. उन्हाळ्यात लावला तर नुसता पाला वाढतो, आणि मग बिचाऱ्या पाठवणारीला बोल लागतो. कसे शिजवायचे तेही दोन ओळींत लिहावे. कारण खाल्लेच नाही तर पुढच्या वर्षी लावील कोण?

कायद्याचे दोन शब्द. आपल्या देशात २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क मान्य केला आहे. कंपनीने संरक्षित केलेल्या वाणाचे बी शिक्का मारलेल्या पिशवीत घालून विकता मात्र येत नाही. परदेशची गोष्ट निराळी. बाहेरून बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. २००३ पासून त्याचे स्वतंत्र नियम आहेत. लेक अमेरिकेत आहे म्हणून पापडाच्या डब्यात वालाचे दाणे लपवून पाठवू नका. तिथेही असेच नियम आहेत, आणि ते मानवेच्छेने केलेले नसून किडीच्या भयाने केलेले आहेत. २०२० साली अमेरिकेत पुष्कळ लोकांना न मागवलेली बियांची पाकिटे परदेशातून टपालाने आली, तेव्हा सरकारला 'ती पेरू नका' असे जाहीर सांगावे लागले. म्हणून आपणही न मागता कुणाला बी पाठवू नये, हा आपल्यापुरता नियम करू.

संक्रांतीला बियांचे वाण लुटावे अशी सूचना मागच्या सभेत आली होती. माझी तिला एक उपसूचना आहे. हळदीकुंकवाला आपण अजून सगळ्यांना बोलवीत नाही. बियाच्या वाणाला मात्र कुणी सवाष्ण आहे की नाही हे विचारू नये. ज्या आजींकडून हे बी आपल्यापर्यंत आले, त्यांतल्या कितीतरी विधवाच होत्या.

बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्यापाशी जे वाण असेल ते तीत लिहावे, आणि एका वाणापुढे निदान तीन घरांची नावे असावीत असा प्रयत्न करू. आज कडव्या वालाच्या बारा पुड्या आणल्या आहेत. प्रत्येकीत वीस दाणे आहेत. ज्यांना खरोखर लावायचे असतील त्यांनीच न्याव्यात, उसळीसाठी बाजारात पुष्कळ मिळतात. आणि वाकड्या पापडीचा जांभळ्या फुलांचा पावटा कुणाकडे असेल तर चहापूर्वी मला भेटावे. सांगलीहून त्याची मागणी आली आहे.