रात्री आलेले लेकरू

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाच्या वाढदिवशी मला चार शब्द बोलायला उभे केलेत, हा तुमचा लोभ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कुरडया-पापडांविषयी बोल म्हटले असते तर अडखळले नसते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या हातून जे घडले तेच सांगा. दहा जणींच्या उपयोगी पडेल." माझ्या हातून घडली ती एक चूक. ती मी चांगल्या मनाने केली होती, म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

गोष्ट 2017 सालच्या नोव्हेंबरातली. कापूस वेचणीचे दिवस. शुक्रवारी दिवेलागणीला मी दळण घेऊन येत होते. एस.टी.च्या थांब्यावर चारेक वर्षांची एक पोरगी एकटीच उभी दिसली. रडून रडून गाल चिकट झालेले. नाव विचारले तर बोलेना. अर्धा तास वाट पाहिली, कोणी आले नाही. शेवटी कडेवर घेतले आणि घरी आणले. सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "कोनाची वं ही पोट्टी?" मी म्हटले, "देवाची."

घरच्यांनी एका कचेरीत फोन लावून पाहिला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुढचा दिवस दुसरा शनिवार, मग रविवार. आम्ही म्हटले, सोमवारी पाहू. तोवर लेकराला नीट ठेवू. मी तिला ऊन पाण्याने न्हाऊ घातले. डोक्यात उवा फार, म्हणून लांब केस कानापर्यंत कापले. भाचीचा पिवळा फ्रॉक घातला. अंगावरचा फ्रॉक इतका मळका होता, की सासूबाईंनी तो न्हाणीच्या चुलीत घातला. शनिवारी आमची एक नात्यातली बाई आली. लग्नाला बारा वर्षे झालेली, मूल नाही. तिने पोरीला मांडीवर घेतले ते सोडेचना. "वहिनी, कोणी आले नाही तर मला द्या," म्हणाली. आणि भगिनींनो, मी "हो" म्हणून बसले. रविवारी तिने पोरीसाठी बांगड्याही आणल्या.

सोमवारी सकाळी अंगणवाडीच्या ताई आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "चोवीस तास कधीच उलटले की! पोलिसांत सांगितले का? दहा-नऊ-आठला फोन केला का?" मला तो क्रमांक ठाऊकच नव्हता. त्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो आणि तिथून वर्ध्याला बाल कल्याण समितीपुढे. मी घाबरले होते. आता हातकड्या पडतात की काय, असे वाटत होते. समितीतल्या बाईंनी आधी पोरीला विचारले, "भूक लागली का?" बिस्कीट दिले, पाणी दिले. मग माझ्याकडे वळून वही उघडली. कुठे सापडली, किती वाजता, कोणत्या बाजूला तोंड करून उभी होती, हातात काही होते का, कोणता शब्द बोलली, सारे एकेक करून विचारले. शेवटी म्हणाल्या, "आणली तेव्हा अंगावर काय होते? केस असेच होते का?"

मी खाली मान घालून सांगितले, लांब केस होते, मी कापले. लाल फ्रॉक होता, खिशावर हिरवे ठिगळ होते, तो जाळला.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. शेजारच्या तालुक्यातल्या ठाण्यात शुक्रवारी रात्रीच एका मजूर बाईने तक्रार दिली होती. मध्यप्रदेशातून वेचणीला आलेले कुटुंब. दोन गाड्यांतून माणसे चालली होती आणि आमच्या थांब्यावर चहाला थांबली होती. आईला वाटले पोरगी बापाच्या गाडीत, बापाला वाटले आईच्या. तक्रारीत लिहिले होते, लांब केस, लाल फ्रॉक, खिशावर हिरवे ठिगळ. ते वर्णन सगळीकडे गेले होते. जुळणारे लेकरू मात्र कुठेच नव्हते, कारण मी त्या खुणाच पुसून टाकल्या होत्या.

मंगळवारी आई आली. समितीने तिचे कागद पाहिले, ठाण्याची नोंद पाहिली, पोरगी तिच्याकडे कशी झेपावते तेही पाहिले. पोरीला पोटाशी धरून तिने कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि एवढेच विचारले, "बाल किसने काटे?" कोणी काही बोलले नाही. मीच पुढे होऊन हात जोडले. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार, चार रात्री त्या माउलीचा डोळा लागला नव्हता. माझ्या घरात त्यांतल्या तीन रात्री लाडाच्या गेल्या होत्या.

त्या दिवसापासून मी या कामाची माहिती घेत आले आहे. कायद्याची भाषा मला समजत नाही, पण समितीतल्या बाईंनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी ती आपल्या बोलीत सांगितली. तीच तुम्हांला सांगते.

2015 सालचा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री हवी. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. महिन्यातून किमान वीस दिवस तिने बसायचे असते. हरवलेले, टाकलेले, पळून आलेले, मारझोडीला कंटाळलेले मूल सापडले, की चोवीस तासांच्या आत समितीपुढे न्यायचे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. आणि एकटे मूल ज्याला सापडले त्यानेही चोवीस तासांत कळवलेच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता तुम्ही विचाराल, समिती बसलेली नसेल तेव्हा काय? मलाही हेच विचारावेसे वाटले. लेकरे कचेरीची वेळ पाहून हरवत नाहीत. दारुड्या बापाचा मार रात्रीचाच असतो. घर सोडून निघालेले मूल रात्रीच्याच गाडीत बसते. आपल्या जिल्ह्यातून मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई असे दोन मोठे लोहमार्ग जातात. वर्धा आणि सेवाग्रामच्या फलाटांवर मध्यरात्रीही गाड्या येतात. कायद्याने याची सोय केली आहे. समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढेही मूल नेता येते आणि ते सदस्य त्या रात्रीपुरती बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे राहण्याची व्यवस्था करतात. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. लैंगिक अत्याचारासंबंधीच्या 2012 सालच्या कायद्यात तर स्पष्टच लिहिले आहे, की मुलाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही.

पण भगिनींनो, कागदावर सोय असणे वेगळे आणि रात्री दोन वाजता दार उघडणे वेगळे. त्यासाठी जागे कोण राहणार हे आधी ठरलेले हवे. आज कोणत्या सदस्याला उठवायचे, गाडी कोणाची, मुलगी असेल तर सोबत बाई कोण, बालगृहात त्या वेळी गरम भात मिळेल का, अंथरूण कोरडे आहे का, हे ज्याने दिवसा ठरवून ठेवले त्याच्याकडेच रात्रीचे काम नीट होते. आणि लेकराला त्याच रात्री दहा प्रश्न विचारू नयेत. आधी खाणे, मग झोप, जखम असेल तर तिथल्या तिथे डॉक्टर. बाकीचे उजाडल्यावर. तीच कहाणी पाच माणसांनी पाच वेळा वदवून घेतली तर मूल पाचव्या वेळी गप्पच बसते.

मात्र एक नोंद रात्रीच झाली पाहिजे. कोणी आणले, कुठून, किती वाजता, अंगावर काय, हातात काय, कोणती बोली. सकाळपर्यंत माणूस विसरतो आणि माझ्यासारखी एखादी बाई चुलीत फ्रॉक घालते.

पुढचे काम दिवसाचे असते. पंधरा दिवसांत मुलाच्या घरची चौकशी होते आणि चार महिन्यांत समितीने निकाल द्यायचा असतो. निकालाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर हवेत. मूल संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. आधी आईबाप, मग नातलग. आई म्हणून आलेली प्रत्येक बाई आई असतेच असे नाही, म्हणून पडताळा करतात. तेव्हा आपण तक्रार करू नये.

हे काम आपल्याकडे आजचे नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा अडलेल्या विधवांसाठी ते दार उघडे होते. पंढरपूरचे बालकाश्रम 1875 सालचे. आणि आपल्या जिल्ह्याची लेक सिंधुताई सपकाळ! 14 नोव्हेंबर 1948 रोजी पिंपरी मेघे येथे जन्म, शिक्षण चौथीपर्यंत. दिवस भरलेले असताना घराबाहेर काढली गेलेली, गोठ्यात बाळंत झालेली बाई. रेल्वेच्या फलाटांवर गाणी म्हणून भीक मागताना तिने तिथल्या अनाथ लेकरांना जवळ केले. आपले-परके होऊ नये म्हणून पोटची मुलगी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवली. 4 जानेवारी 2022 रोजी माई गेल्या. त्या काळी त्यांच्या हाताशी फिरवायला क्रमांक नव्हता. 1098 हा क्रमांक 1996 साली मुंबईत सुरू झाला आणि मग देशभर पसरला. आधी तो स्वयंसेवी संस्था चालवीत. 2023 पासून तो शासनाच्या हाती गेला आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडला गेला. तो रात्रंदिवस चालतो आणि फुकट लागतो.

माईंसारखी माया आपल्या सगळ्यांत थोडी थोडी असतेच. माझ्यातही होती. पण माझ्या मायेला वही ठाऊक नव्हती, म्हणून एक आई चार रात्री जागली. आणि नुसतीच वही असली, माया नसली, तर लेकरू कचेरीच्या बाकावर उपाशी झोपते. दोन्ही एकत्र हवीत, एवढेच मला सांगायचे आहे.

आमच्या त्या नात्यातल्या बाईने माझ्याशी वर्षभर बोलणे टाकले होते. तिचे दुःख मला कळत होते. सापडलेले मूल परस्पर देणे-घेणे हा मोठा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपये दंड किंवा दोन्ही, हे तिला समजावून सांगावे लागले. पुढे तिने दत्तकासाठी रीतसर नोंदणी केली. आणि एखादीला आपले मूल सांभाळणे अगदीच अशक्य झाले, तर तिनेही उकिरडा किंवा देऊळ शोधू नये. समितीपुढे जाऊन मूल सोपवता येते आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात.

आता मंडळाला माझी विनंती. प्रत्येक गावात आपल्या दोन बायकांची नावे ठरवू या. मूल सापडले की त्यांना हाक मारायची. त्यांनी लगेच 1098 किंवा 112 ला फोन करायचा आणि घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवायची. लेकराला खाऊ घालावे, पांघरूण द्यावे, पण केस कापू नयेत. अंगावरचे कपडे पिशवीत बांधून ठेवावेत. त्याचा फोटो मोबाइलवर गावोगाव फिरवू नये. अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, आणि त्या फोटोने आईआधी भलताच माणूस दारात येऊ शकतो. मंडळाच्या पेटीत दोन-तीन मापांचे नवे कपडे, साबण आणि एक चादर ठेवावी. खर्च फार नाही. आणि वर्षातून एकदा समितीतल्या कोणाला बोलावून विचारावे, रात्रीची सोय काय आहे, कोणाला उठवायचे? विचारणाऱ्या बायका असल्या म्हणजे सोय जागी राहते.

मी त्या पोरीला पुन्हा पाहिले नाही. आता तिचे केस वाढले असतील. दर कार्तिकात कापसाच्या गाड्या थांब्यावर चहाला थांबतात. मी दळण घेऊन येताना गाडी सुटेपर्यंत तिथे उभी राहते. लेकरे मोजते. कोणी मागे राहिले नाही ना, एवढे पाहते आणि मगच घरी जाते.