तांब्याचा ताव आणि नवी घडण
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



धातुविद्येतील नव्या शोधांविषयी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मी व्याख्याता नव्हे. माझी पस्तीस वर्षे कारखान्यांत धातूंची परीक्षा करण्यात गेली आणि त्यापूर्वीची वीस वर्षे वडिलांच्या ऐरणीच्या आवाजात गेली. तेवढ्याच शिदोरीवर मी आपल्यापुढे उभा आहे. विषय नवा खरा. परंतु त्याचे मूळ आपल्याच घरात आहे.

आपण तांबट-कासार. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून गेलेल्या माणसाला मठारकामाचा ठेका निराळा सांगावा लागत नाही. बंब, हंडा, घागर ही भांडी ठोकून घडतात, आणि ठोकता ठोकता तांबे कडक होत जाते. ते तसेच ठोकीत राहिल्यास तडकते. म्हणून कारागीर हात थांबवितो, भांडे भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवितो आणि पुन्हा हातोडा उचलतो. या क्रियेची कारणमीमांसा शास्त्राने विसाव्या शतकात केली. धातूच्या कणांची रचना ठोक्यांनी विस्कटते, तिच्यात गुंता होतो आणि धातू वाकेनासा होतो. उष्णता दिली म्हणजे नवे, निर्दोष कण जन्मास येतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. तापलेले पोलाद पाण्यात विझविले तर कठीण होते, तांबे मात्र होत नाही, हेही आपल्या वाडवडिलांस पुस्तकावाचून ठाऊक होते.

आजवर मनुष्याने धातूला तीन मार्गांनी आकार दिला: ठोकून, ओतून आणि तासून. गेल्या चाळीस वर्षांत चौथा मार्ग सिद्ध झाला आहे. अमेरिकेतील चार्लस हल यांना 1986 साली द्रवरूप रसायन प्रकाशाने थरांत घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. तीच कल्पना पुढे धातूंपर्यंत पोहोचली. तिला त्रिमिती मुद्रण, म्हणजेच थ्री-डी प्रिंटिंग, असे नाव रूढ आहे. धातूची पिठासारखी बारीक भुकटी एका पाटावर पसरावयाची. थराची जाडी बहुधा केसाहूनही कमी. लेसर किरण आकृतीनुसार तेवढीच भुकटी वितळवितो. पाट किंचित खाली जातो, नवा थर पसरतो, पुन्हा किरण फिरतो. हे सर्व आरगॉनसारख्या निष्क्रिय वायूत चालते, नाहीतर तापलेला धातू हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो. असे हजारो थर चढले म्हणजे वस्तू उभी राहते.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच देशातील आहे. 9 मे 2024 रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे असे मुद्रित इंजिन 665 सेकंद चालवून पाहिले. पूर्वी ते 14 भाग जोडून होत असे. आता एकच भाग झाला आणि 19 सांधे वाचले. पूर्वी एका इंजिनास 565 किलो धातू लागे, त्याऐवजी 13.7 किलो भुकटी पुरली. त्याच महिन्याच्या 30 तारखेस चेन्नईच्या अग्निकुल या तरुणांच्या कंपनीने एकसंध मुद्रित इंजिनाचा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडविला. जेथे सांधा असतो तेथेच गळती आणि भंग यांचे भय असते, हे डाग देणाऱ्या प्रत्येक कारागिराला माहीत आहे. सांधाच नाहीसा होणे ही केवढी गोष्ट आहे, ते आपल्यास सांगावयास नको.

आता तांब्याकडे वळतो. अग्निबाणाच्या ज्वलनकोठीतील वायू तीन हजार अंशांच्या वर तापतो आणि तांबे तर 1085 अंशांवर वितळते. तरीही कोठीच्या आतील भिंतीसाठी तांब्याचीच निवड होते. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते, आणि भिंतीतील सूक्ष्म नळ्यांतून फिरणारे थंड इंधन ती शोषून घेते. ज्या गुणामुळे आपल्या बंबाचे पाणी लवकर तापे, तोच गुण येथे भिंतीचे रक्षण करतो. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने तांब्यात क्रोमियम व नायोबियम मिसळून यासाठी खास मिश्रधातू सिद्ध केले आणि त्यांचे मुद्रणही करून दाखविले.

परंतु तांबे यंत्रालाही सहजासहजी वश होत नाही. नेहमीच्या अवरक्त लेसरचा फार मोठा भाग ते परावर्तित करते, आणि जी उष्णता मिळते ती क्षणात इतरत्र पसरविते. म्हणून आता हिरव्या प्रकाशाचे लेसर वापरतात; तो प्रकाश तांबे अधिक शोषते. भट्टी बदलली, भाता गेला. तांब्याला नेमका किती ताव द्यावा हा प्रश्न मात्र आजोबांच्या वेळचाच राहिला.

मी भाबडी आशा दाखवू इच्छीत नाही. ही पद्धत महाग आहे, संथ आहे. वस्तूत बारीक पोकळ्या राहतात, आतील ताण काढण्यासाठी तिला पुन्हा तापवावे लागते, आणि क्ष-किरणांनी तपासल्यावाचून तिच्यावर विसंबता येत नाही. घागरी कोणी अशा मुद्रित करणार नाही. स्टेनलेस स्टीलने आणि प्लॅस्टिकने जो धंदा नेला, तो हे यंत्र परत आणून देणार नाही.

मग आपला संबंध काय? येथे एक घरगुती हकिकत सांगतो. नोकरीच्या आरंभी, एका कारखान्यात, तांब्याच्या पट्ट्या वाकविताना तडकू लागल्या. मी आठवडाभर कागदावर हिशेब मांडीत होतो. दोन तुकडे घरी आणले होते. वडिलांनी एक उचलला, ऐरणीवर टाकला आणि म्हणाले, "अरे, हिचा आवाज केवढा खणखणीत! हिचा ताव राहिला आहे." चौकशी केली तेव्हा भट्टीचा एक फेरा चुकल्याचे आढळले. साहेबांनी शाबासकी दिली ती मला. ती कोणाची होती हे मी त्या दिवशी सांगितले नाही. आज, चाळीस वर्षांनी, आपल्यासमोर सांगतो.

त्याहून मोठा अपराध पुढचा. वडील गेले. त्यांची ऐरण व हातोडे मी मोडीच्या भावाने वजनावर विकले. त्यांच्या कानात व डोळ्यांत जे ज्ञान होते त्यातील एक ओळही मी टिपून ठेवली नव्हती. घरात धातुशास्त्राची पदवी होती, कागद होता, लेखणी होती. विचारण्याची बुद्धी तेवढी नव्हती.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी हातोडा धरलेले वडीलधारे अद्याप आहेत, त्यांनी या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे. ताव कसा ओळखता, ठोका कोठे घालता, आवाज कसा ऐकता, हे विचारावे व लिहून घ्यावे. दुसरी, मंडळाच्या शिष्यवृत्तीतील एक तरी धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी राखावी, मग तो मुलगा असो की मुलगी, पदवीचा असो की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला. पुण्याच्या सी.ओ.ई.पी. तंत्रज्ञान विद्यापीठात, मुंबईच्या आय.आय.टी.त, नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.त हा विषय शिकविला जातो. तिकडे आपली मुले फारशी फिरकताना मला दिसली नाहीत. बापाचा धंदा सुटला म्हणून ती धातूपासूनच दूर गेली.

ऐरणीकडे परत चला, असे मी म्हणत नाही. मीही गेलो नाही. परंतु ज्या धातूने आपले पूर्वज पोसले, त्याचे नवे शास्त्र इतरांनी शिकावे आणि आपण केवळ आडनावापुरते तांबट राहावे, हे मनास पटत नाही. माझे चुकले ते आपल्या मुलांकडून चुकू नये, एवढीच इच्छा आहे.