ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार?



मी डॉक्टर नाही, साधा शिक्षक आहे. पण धाकट्या भावाच्या आजारपणामुळे सात वर्षे मानसोपचाराच्या ओपीडीचे बाक झिजवले. म्हणून आज रोग्यांविषयी नव्हे, त्यांच्या डॉक्टरांविषयी दोन शब्द बोलणार आहे.

एकदा अमळनेरहून पहाटेच्या एस.टी.ने गेलो, चार तास बसलो. डॉक्टरांनी मान वर न करता मागच्याच गोळ्या लिहिल्या. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "हाऊ डॉक्टर ते वर देखतच नही." मला राग आला, जाब विचारायला परत आत गेलो. दुपारचे तीन वाजले होते आणि टेबलावर त्यांचा डबा तसाच बंद! ते म्हणाले, "सर, सकाळपासून ऐंशी पेशंट झाले. आता माणसं बोलतात ते शब्द ऐकू येतात, दुःख पोचत नाही. मलाच त्याची भीती वाटते." माझा जाब तोंडातच राहिला.

याला 'बर्नआऊट' म्हणतात. १९७४ साली त्यावर लिहिणारे हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे स्वतःच मानसोपचार करणारे होते आणि न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबून थकले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की हा आजार नव्हे, कामातून येणारी अवस्था आहे. शक्ती संपते, कामाचा वीट येतो, आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागते. म्हणजे दोष माणसात नाही, कामाच्या बोजात शोधायचा!

बोजा केवढा? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ निघाले ०.७५. अमळनेर शहराची वस्ती लाखाच्या आसपास. म्हणजे आपल्या वाट्याला पाऊण डॉक्टर! त्यातही बहुतेक मोठ्या शहरांत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार मनोरुग्णालये, खानदेशात त्यांपैकी एकही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्यात डॉक्टरांच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असावेत अशी योजना. ही माणसे नसली की समजूत घालणे, घरच्यांशी बोलणे, कागद भरणे, सगळे एकाच्याच अंगावर.

ते डॉक्टर पुढे नोकरी सोडून गेले. नवीन येईपर्यंत पाच महिने भावाच्या गोळ्या तुटत राहिल्या. तो पुन्हा रात्रभर जागू लागला. डॉक्टर थकला की झळ कुणाच्या घराला लागते, हे मी पाहिले आहे.

जागा भराव्यात म्हणून एक अर्ज लिहिला आहे, तो दाराशी टेबलावर आहे. खीर घेण्याआधी सही करून जावे, ही विनंती. जयभीम!