उसनवारीचा नफा, समाजाची जोखीम



बँक म्हणजे लोकांच्या ठेवी घेऊन कर्जे देणारी पेढी, ही समजूत चुकीची नाही; पण ती अपुरी आहे. ठेवी जमविण्यास शाखा लागतात, माणसे लागतात, वेळ लागतो. त्यामानाने अन्य बँका व गुंतवणूक संस्थांकडून एका रात्रीसाठी वा तीन महिन्यांसाठी मोठ्या रकमा उचलणे सोपे. रोजच्या देवघेवीतील तूट भरून काढण्यासाठी अशी उचल बँका करतातच. त्यात गैर काही नाही. दीर्घ मुदतीचा धंदाच या उचलीवर उभा राहिला, की धोका सुरू होतो.

ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक बँकेचे उदाहरण बोलके आहे. न्यूकॅसलची ही संस्था मूळची सभासदांच्या मालकीची, त्यांच्या बचतीतून घरांसाठी कर्ज देणारी. १९९७ साली तिचे भागधारकांच्या बँकेत रूपांतर झाले. कर्जे झपाट्याने वाढली. ठेवी त्या वेगाने वाढेनात. २००७ च्या मध्यास तिच्या एकूण देण्यांत सामान्य ठेवीदारांचा वाटा जेमतेम पाव होता. उरलेला पैसा मुख्यतः वित्तबाजारातून येई: काही घरकर्जांच्या आधारावर काढलेल्या रोख्यांतून, काही अल्प मुदतीच्या उचलीतून. घरकर्जाची मुदत वीस-पंचवीस वर्षे, उचलीची काही महिने. मुदत भरली की जुनी उचल नव्या उचलीतून फेडावयाची, हा परिपाठ.

ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेतील गृहकर्जरोख्यांविषयीच्या संशयाने बाजार गोठला. नॉर्दर्न रॉक अडचणीत आली ती कर्जदारांनी हप्ते बुडविले म्हणून नव्हे, तर नवी उचल मिळेना म्हणून. १४ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडचे साहाय्य जाहीर होताच शाखांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. तीन दिवसांनी सरकारला ठेवींची हमी द्यावी लागली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. याच बँकेने जुलै २००७ मध्ये अंतरिम लाभांश तीस टक्क्यांनी वाढविण्याचे जाहीर केले होते! पुढे तिचा सुदृढ भाग २०१२ साली पुन्हा खाजगी मालकीकडे गेला. तोटा राष्ट्राचा, नफा भागधारकांचा, हा न्याय असा पाळला गेला.

भारतीय बँकांचा मुख्य आधार अद्याप ठेवीच आहेत. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर गावोगाव पोहोचलेल्या शाखांचा त्यात मोठा वाटा आहे. आंतरबँक उचलीवर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादाही आहेत. तथापि बँक नसलेल्या वित्तसंस्थांत तोच रोग शिरला. २०१८ साली आयएल अँड एफएस कोसळली, तेव्हा रस्त्यांसारख्या दीर्घ मुदतीच्या कामांत अल्प मुदतीचा पैसा गुंतला होता. आणि तिच्या रोख्यांत कामगारांच्या काही भविष्यनिर्वाह निधींचीही रक्कम अडकली.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक वित्तसंस्थेने किती पैसा किती मुदतीने उचलला, हे लोकांना समजेल अशा भाषेत प्रसिद्ध व्हावे. त्या उचलीवर कायद्याचे बंधन असावे. आणि संकटकाळी ज्यांची तिजोरी उघडली जाते, त्या जनतेचा शब्द सुकाळातही चालावा.