सुटींतील इतिहासाचा तास

उन्हाळ्याची सुटी आणि इतिहासाचा तास हीं दोन नांवें एका वाक्यांत आलीं कीं आपल्या घरांतील मुलांचे चेहरे कसे होतात, हें मीं निराळें सांगावयास नको. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं सनावळ्या घोकतांना स्वतःहि तसेंच तोंड केलें असेल. मी तीसएक वर्षें हाच विषय शिकवीत आलों आणि त्यांतील चार-पांच उन्हाळे पुण्यांतील एका सुटीच्या वर्गांत घालविले. त्यामुळें आज ज्या शाळांविषयीं मी बोलणार आहें त्या समुद्रापलीकडच्या असल्या, तरी त्यांच्याकडे मला तिऱ्हाइताच्या नजरेनें पाहतां येत नाहीं. त्यांची हकीकत वाचतांना माझ्याच वर्गांतील एक प्रसंग मला टोंचूं लागला. तो आधीं सांगून टाकतों.

पानिपतचा धडा चालला होता. 14 जानेवारी 1761 चा तो दिवस, फौजांची मांडणी, विश्वासरावांना लागलेली गोळी, हें सारें मी फळ्यावर आकृति काढून रंगवून सांगत होतों. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलानें हात वर केला. "सर, फौजेबरोबर जे बाजारबुणगे गेले होते, त्यांचीं नांवें कोठें मिळतील?" मीं उत्तर दिलें, "तें परीक्षेला येत नाहीं." वर्ग हसला व मी पुढें गेलों. सुटीच्या वर्गाला परीक्षाच नव्हती, हें माझ्या ध्यानांत घरीं आल्यावर आलें.

आतां मिसिसिपीकडे वळतों. अमेरिकेच्या दक्षिणेकडील हें राज्य कापसाचें. तेथें कृष्णवर्णी मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि 1964 च्या सुमारास गोऱ्या मुलामागें जेवढा खर्च होई त्याचा सुमारें चौथा हिस्सा कृष्णवर्णी मुलाच्या वांट्याला येई. नदीकांठच्या डेल्टा नांवाच्या सुपीक भागांत तर या मुलांच्या शाळेचें वर्षच कापसाच्या बोंडांवर बेतलेलें असे. वेंचणीच्या दिवसांत शाळा बंद ठेवावयाची, आणि तिची भरपाई म्हणून ऐन जुलै-ऑगस्टच्या उकाड्यांत वर्ग भरवावयाचे. उन्हाळी शाळा म्हणजे चैन, असा आपला समज असेल तर तो येथें कामाचा नाहीं.

पुस्तकांची तऱ्हा याहूनहि विलक्षण होती. यादवी युद्धानंतर नुकतेच दास्यमुक्त झालेले लोक मतें देऊं लागले, निवडूनहि आले. पण तीं वर्षें पाठ्यपुस्तकांत केवळ अनाचाराचा काळ म्हणून उरकलीं जात. वस्तुतः 1870 मध्यें अमेरिकेच्या सिनेटांत बसलेला पहिला कृष्णवर्णी सभासद, हायरम रेव्हल्स, हा मिसिसिपीचाच प्रतिनिधि होता. गुलामगिरींत जन्मलेला जॉन लिंच 1872 मध्यें तेथील प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष झाला. पुढें 1890 च्या राज्यघटनेनें हा मताचा हक्क युक्तीनें काढून घेतला, तो इतका कीं 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांत मतदारयादींत नांव असलेले कृष्णवर्णी प्रौढ शेंकडा सातांहूनहि कमी होते. नांव नोंदवूं पाहणाऱ्यास एकवीस प्रश्नांचा अर्ज भरावा लागे, आणि राज्यघटनेचें एखादें कलम लिहून त्याचा अर्थ सांगावा लागे. तो अर्थ बरोबर कीं चूक हें गोरा अधिकारी ठरवी. ज्या मुलाला रेव्हल्स ठाऊक नाहीं, त्याला आपल्या बापाला मत नाहीं ही गोष्ट ऊनपावसाइतकीच स्वाभाविक वाटावी, यांत नवल तें काय?

हें ओळखलें चार्ली कॉब या विशींतल्या तरुणानें. 1963 च्या डिसेंबरांत त्यानें सुचविलें कीं येत्या उन्हाळ्यांत मतनोंदणीच्या मोहिमेबरोबर मुलांसाठीं शाळाहि काढाव्यात. तो ज्या विद्यार्थी-समितीचा कार्यकर्ता होता तिचा थोडासा धागा आपल्या नागपूरपर्यंत येतो. जेम्स लॉसन नांवाचा अमेरिकन तरुण 1953 ते 1956 या काळांत नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत होता, आणि मॉंटगोमेरीच्या बसबहिष्काराची वार्ता त्यानें तेथेंच वर्तमानपत्रांत वाचली. मायदेशीं परतल्यावर त्यानें नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे पाठ दिले. त्यांतील कित्येक पुढें 1960 मध्यें निघालेल्या या समितीचे आधारस्तंभ झाले. असो.

शाळांचें संचालकपद स्टॉटन लिंड या इतिहासाच्या प्राध्यापकाकडे आलें. शिक्षक बहुतांशीं उत्तरेकडील महाविद्यालयांतले गोरे विद्यार्थी. पगार नाहीं, खर्च पदरचा, राहणें कृष्णवर्णी कुटुंबांच्या घरीं. ओहायोंतील ऑक्सफर्ड या गांवीं त्यांची तयारी करून घेण्यांत येत होती. 21 जूनच्या सुमारास शिक्षकांची तुकडी तेथें जमली आणि त्याच दिवशीं मिसिसिपींत तिघे तरुण नाहींसे झाले. जेम्स चेनी हा तेथलाच कृष्णवर्णी, मायकेल श्वर्नर व अँड्र्यू गुडमन हे न्यूयॉर्ककडचे. लाँगडेल येथील ज्या प्रार्थनामंदिरांत शाळा भरवावयाचें ठरत होतें तें 16 जूनला जाळण्यांत आलें होतें, त्याची चौकशी करण्यास हे तिघे गेले होते. मोहिमेचा सूत्रधार बॉब मोझेस हाहि पूर्वाश्रमीचा शिक्षक, गणिताचा. त्यानें जमलेल्या मंडळींना सांगितलें कीं ज्यांना परत जावेंसें वाटेल त्यांनीं खुशाल जावें. फार थोडे परतले. मला राहून राहून वाटतें, इतिहासाचा तास घेण्यापूर्वी असा प्रश्न मला कोणीं विचारला असता तर मीं काय केलें असतें?

आणि मग ते वर्गांत आले. वर्ग म्हणजे प्रार्थनामंदिराचें तळघर, कोणाच्या घराची ओसरी, नाहीं तर झाडाची सावली. हजारएक मुलें येतील असा अंदाज होता. उन्हाळा संपेपर्यंत ती संख्या दोन हजारांवर गेली. हॅटिसबर्ग या एकाच गांवीं सहाशेंहून अधिक नांवें आलीं, आणि त्यांत मतनोंदणीचा अर्ज समजून घेण्यासाठीं आलेले, वयाची ऐंशी ओलांडलेले एक आजोबाहि होते.

शिक्षकांच्या हातीं इतिहासाची एक मार्गदर्शिका दिलेली होती. 1839 मध्यें अमिस्टाड जहाजावरील बंदिवानांनीं केलेला उठाव तींत होता, यादवीनंतरची पुनर्रचनाहि होती. परंतु व्याख्यान द्यावयाचें नाहीं, विचारावयाचें, अशी रीति ठरली होती. मुख्य प्रश्न तीन: बहुसंख्यांपाशीं जें आहे त्यांतलें आपल्याला काय हवें? काय नको? आणि आपल्यापाशीं असें काय आहे कीं जें आपण सोडूं इच्छीत नाहीं? या तिसऱ्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबलों. गरीब मुलांना शिकवावयास निघालेला माणूस त्यांच्या उणिवांची यादी बरोबर नेतो. त्यांच्या ठेव्याची चौकशी क्वचितच करतो.

आरंभीं मुलें गप्प बसत. त्यांच्या नेहमींच्या शाळेंत प्रश्न विचारणें हाच अपराध होता, आणि समोर तर गोरा शिक्षक! तो बोलतो तें खरें मानावयाचें कीं त्याला आवडेल तें बोलावयाचें? पण शिक्षकाची एक अडचण येथें उपकारक ठरली. त्याला मिसिसिपी ठाऊकच नव्हती. कापसाच्या मळ्यावरचा हिशेब कसा फिरवितात, नोंदणीच्या कचेरींत आईला काय ऐकावें लागलें, हें मुलांनीं सांगावयाचें आणि त्यानें ऐकावयाचें. ज्या तासाला साक्षीदार बांकावर बसलेला असतो आणि शिक्षक उभ्यानें टिपणें घेतो, तो इतिहासाचा तास माझ्या आयुष्यांत मीं कधीं घेतला नाहीं.

मॅकोंब गांवीं जुलैच्या 8 तारखेस कार्यकर्त्यांच्या घरावर बॉंब पडला. त्यानंतर शाळेला जागा देण्यास कोणी धजेना, म्हणून त्याच घराशेजारीं गवतावर वर्ग भरूं लागला. तेव्हां सोळा वर्षांच्या एका विद्यार्थिनीनें वडीलधाऱ्यांच्या भित्रेपणावर कविता लिहिली. ती त्यांच्या कानीं गेली, आणि प्रार्थनामंदिराचें दार उघडलें. हॅटिसबर्गला ऑगस्टांत न्यूयॉर्कची एक शिक्षिका, सँड्रा अॅडिक्स, सहा विद्यार्थ्यांना घेऊन सार्वजनिक ग्रंथालयांत गेली. मुलांना सभासद करून घेण्यापेक्षां तेथील लोकांनीं ग्रंथालयच बंद केलें. मंडळी तेथून एका दुकानांत खावयास गेली. तेथें मुलांना वाढण्याची तयारी होती, पण त्यांच्यासोबतच्या गोऱ्या बाईंना नाहीं! बाहेर पडतांच बाईंना अटक झाली. तें प्रकरण 1970 मध्यें सर्वोच्च न्यायालयांत पोहोंचलें आणि तेथें निकाल त्यांच्या बाजूनें लागला.

4 ऑगस्टला त्या तिघांचीं प्रेतें एका मातीच्या बांधाखालीं सांपडलीं. त्यानंतर चारच दिवसांनीं, चेनीच्या मेरिडियन गांवीं, शाळांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं घरें, शाळा, दवाखाने, नोकऱ्या, मतदान यांवर ठराव केले. हे प्रतिनिधि म्हणजे तींच मुलें, जीं जुलैच्या आरंभीं तोंड उघडीत नव्हतीं.

एक गोष्ट मात्र मनाला खटकते, ती लपवीत नाहीं. बहुतेक शिक्षक ऑगस्टअखेर परत गेले. मुलें तेथेंच राहिलीं. तींच पुस्तकें, तेंच कापसाचें शेत. कांहीं शाळा पुढेंहि चालल्या, तरी सहा-आठ आठवड्यांच्या शिक्षणाचें ओझें वर्षभर वाहणें हें त्या मुलांच्या नशिबीं आलें, शिक्षकांच्या नाहीं.

पुस्तकें बदलावयास आणखी पुष्कळ काळ लागला. जेम्स लोवेन व चार्ल्स सॅलिस यांनीं 1974 मध्यें मिसिसिपीचा नवा शालेय इतिहास लिहिला; राज्याच्या समितीनें तो नाकारला व प्रकरण न्यायालयांत गेलें. लोवेननीं त्या सुनावणीची हकीकत लिहून ठेवली आहे. जमावानें केलेल्या एका हत्येचें छायाचित्र पुस्तकांत होतें. समितीच्या एका सभासदानें त्यावर हरकत घेतली. असें घडत असे हें त्यास मान्य होतें. पण तें फार जुनें झालें, आतां उगाळावयाचें कशाला, असें त्याचें म्हणणें. न्यायाधीशांनीं त्याला आठवण करून दिली कीं प्रस्तुत पुस्तक इतिहासाचें आहे. 1980 मध्यें निकाल लेखकांच्या बाजूनें लागला.

माझ्या वर्गांतला तो मुलगा आतां चाळिशीच्या पुढें गेला असेल. तो हें भाषण ऐकत असेल तर त्याला सांगावयाचें आहे कीं मी मागाहून शोधूं लागलों. सरदारांचीं नांवें पानोंपानीं मिळतात. पाणक्यांचीं, बैल हांकणारांचीं, दाणावैरण करणारांचीं माझ्या वहींत अजून मोजकीं चार ओळींएवढींहि झालेलीं नाहींत. पण पान मीं राखून ठेवलें आहे.