घाटातली जुनी प्रिया

प्रिया स्कूटर ही साताऱ्याचीच लेक. 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यात ती तयार होई. उत्पादन बंद होऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी महाबळेश्वराकडे एखाद्या पडवीत ती उभी दिसते, आणि मालकाचा प्रश्न ठरलेला : पार्ट कुठे मिळणार?

मिळतात की! प्रियाचे घराणे व्हेस्पाचे, चेतकही त्यातलीच. त्यामुळे क्लच प्लेटा, केबल, ऑइल सील असा बराच माल चेतकच्या नावाने सापडतो. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आहेच. मात्र जुना पार्ट पिशवीत घालून न्या. नुसते दिसायला सारखे असून भागत नाही. इंजिनच बदलणार असाल, तर आधी आर.टी.ओ.त विचारा, त्याचा नंबर आर.सी. बुकात असतो.

हौशी मंडळी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. आमच्या दमट पावसाळ्यात ते सोयीचे. पण आतली प्लेट बदलली की मॅग्नेटही तिच्या जोडीचे लागते, आणि ते क्रँकच्या निमुळत्या टोकावर नेमके बसावे लागते.

माझे म्हणाल, तर पहिला खर्च ब्रेक लायनरवर करावा. पसरणीचा घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. टू-स्ट्रोकचे ऑइल पेट्रोलमधूनच जाते. मूठ बराच वेळ मिटलेली राहिली, की पिस्टनला ते कमी पडते. म्हणून अधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी पिळावी. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणे तर मुळीच नको.