इमारतींचा ऊर्जा व्यवस्थापक : पात्रता, परीक्षा आणि जबाबदारी

(राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनानिमित्त अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोणत्याही मोठ्या कार्यालयात, रुग्णालयात अथवा हॉटेलात जाऊन एक साधा प्रश्न विचारून पाहावा : या इमारतीच्या वीजवापराला जबाबदार कोण? बिल मंजूर करणारा लेखा विभाग म्हणतो, आकडा मीटरवरचा आहे. वातानुकूलन यंत्रणेचा ठेकेदार म्हणतो, यंत्र चालू ठेवणे एवढेच त्याचे काम. विद्युत शाखा म्हणते, दिवे लावणे-मालवणे शिपायाकडे असते. शिपाई म्हणतो, साहेब बसलेले असताना दिवे मालवायचे कसे? अशा रीतीने दरमहा लाखो रुपयांचे बिल चार-सहा हातांतून फिरते, मुदतीत भरलेही जाते. परंतु त्या बिलाला धनी नसतो. बारभाईंचा कारभार म्हणतात तो हाच.

वीजबिल वेळेवर भरणे म्हणजे ऊर्जेचे व्यवस्थापन नव्हे. त्यासाठी जाणकार, परीक्षेत उत्तीर्ण झालेली आणि उत्तरदायी अशी एक व्यक्ती नेमावी लागते. तिलाच ‘प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक’ असे म्हणतात. ही पात्रता कशी मिळते, ती मिळविणाऱ्याने इमारतीत काय करावयाचे असते आणि प्रशासनाने त्याला कोणते पाठबळ द्यावयाचे असते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

१९७३ च्या तेलसंकटाने जगाला इंधनाच्या काटकसरीचा पहिला मोठा धडा दिला. आपल्या देशात १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था आणि १९८९ मध्ये ऊर्जा व्यवस्थापन केंद्र स्थापन झाले. तथापि, केवळ आवाहनाने हे काम पुरे होत नाही, हा अनुभव आल्यानंतर संसदेने ‘ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१’ संमत केला. १ मार्च २००२ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत ऊर्जा दक्षता ब्यूरो अस्तित्वात आला. महाराष्ट्रात या अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी राज्याची नामनिर्देशित संस्था म्हणून महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच ‘महाऊर्जा’, काम पाहते. तिचे मुख्यालय पुण्यास आहे.

या अधिनियमातील दोन तरतुदी इमारतींच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली तरतूद नव्या बांधकामासंबंधीची आहे. १०० किलोवॅट वा त्याहून अधिक जोडभार अथवा १२० केव्हीए वा त्याहून अधिक करारमागणी असलेल्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर झाली व २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. २०२२ च्या सुधारणा अधिनियमाने संहितेची व्याप्ती वाढवून निवासी इमारतींचाही तीत विचार केला.

दुसरी तरतूद माणसासंबंधीची आहे. जे ग्राहक मोठ्या प्रमाणावर ऊर्जा वापरतात त्यांना शासन ‘पदनिर्देशित ग्राहक’ म्हणून घोषित करते आणि विहित पात्रतेचा ऊर्जा व्यवस्थापक नेमण्याचे बंधन त्यांच्यावर येते. आरंभी या यादीत सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा उद्योगांचे प्राबल्य होते. २०१८ पासून वर्षाला १,००० टन तेलतुल्य ऊर्जा वापरणाऱ्या मोठ्या हॉटेलांनाही ऊर्जाबचतीची उद्दिष्टे लागू होऊ लागली. हा आकडा सर्व विजेच्या रूपात मोजला, तर सुमारे १ कोटी १६ लाख युनिट होतो. बहुसंख्य कार्यालये, रुग्णालये व बाजारसंकुले या मर्यादेच्या खाली राहतात. त्यांच्यावर कायद्याची सक्ती नसली, तरी त्यांची वीज वाया जातेच आणि तेथेच जाणकार माणसाची वाण अधिक भासते.

पात्रता आणि परीक्षा

ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक यांच्यासाठीची राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा २००४ मध्ये प्रथम घेण्यात आली. तीस बसण्यासाठी शिक्षण आणि अनुभव अशी दुहेरी अट आहे. अभियांत्रिकी पदवीधरास ऊर्जेशी संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवीधरास दोन वर्षांचा अनुभव पुरतो. अभियांत्रिकी पदवीनंतर व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यासही तेवढाच. पदविकाधारकास सहा वर्षांचा अनुभव आवश्यक आहे. पदवीला गणित व भौतिकशास्त्र घेऊन भौतिक, रसायन वा इलेक्ट्रॉनिक्स या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाही तीन वर्षांच्या अनुभवानंतर हे द्वार खुले आहे.

यातील पदविकाधारकांविषयीची तरतूद जिल्ह्याच्या ठिकाणच्या शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला युवक एखाद्या रुग्णालयाच्या अथवा हॉटेलाच्या देखभाल विभागात रात्रपाळी करीत असतो. पंप, जनित्र, वातानुकूलन यांच्याशी त्याचा रोजचा संबंध येतो. सहा वर्षांनंतर हाच अनुभव राष्ट्रीय पातळीवरील पात्रतेचे भांडवल ठरू शकतो, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. ‘देखभाल करणारा माणूस’ या ओळखीतून ‘निर्णय घेणारा माणूस’ या ओळखीकडे नेणारी ही वाट आहे. आय.टी.आय. झालेल्या कारागिरास मात्र केवळ अनुभवाच्या बळावर या परीक्षेस बसता येत नाही. तरीही मीटरची अचूक नोंद ठेवणारा कुशल कारागीर हा प्रत्येक ऊर्जा व्यवस्थापकाचा उजवा हात असतो.

परीक्षेच्या प्रस्थापित रचनेत चार प्रश्नपत्रिका आहेत. पहिलीत ऊर्जा व्यवस्थापन व लेखापरीक्षण यांची सर्वसाधारण तत्त्वे, कायदा, प्रकल्पाचे अर्थगणित व पर्यावरण हे विषय येतात. दुसरीत बॉयलर, वाफ, भट्ट्या, उष्णतारोधन अशा उष्णतेच्या साधनांचा समावेश आहे. तिसरी विद्युत साधनांची असून मोटारी, पंप, पंखे, वातानुकूलन, प्रकाशयोजना आणि इमारतींतील ऊर्जाबचत हे तिचे विषय आहेत. ऊर्जा व्यवस्थापकास या तीन प्रश्नपत्रिका उत्तीर्ण व्हाव्या लागतात. यंत्रांच्या कामगिरीचे मापन हा विषय असलेली चौथी प्रश्नपत्रिका केवळ लेखापरीक्षकांसाठी असते. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ५० टक्के गुण आवश्यक असतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची ब्यूरोची अधिसूचना काळजीपूर्वक वाचणे हे उमेदवाराचे पहिले कर्तव्य होय.

इमारतीत काम करणाऱ्या उमेदवारास दुसरी प्रश्नपत्रिका परकी वाटते. कारण भट्टीशी त्याचा संबंध आलेला नसतो. तथापि, रुग्णालयातील निर्जंतुकीकरणाची वाफ, हॉटेलातील गरम पाणी व धुलाईघर ही सारी त्याच शास्त्राची उदाहरणे आहेत. ब्यूरोची चार मार्गदर्शक पुस्तके हा अभ्यासाचा मुख्य आधार होय. ती इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेला उमेदवार विषयापेक्षा भाषेला अधिक बिचकतो, असे होऊ नये. स्थानिक तंत्रनिकेतनातील अध्यापकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तरी हा अडसर दूर होऊ शकेल.

मिळालेले प्रमाणपत्र कायमचे नसते. दर पाच वर्षांनी उजळणी प्रशिक्षण घेऊन त्याचे नूतनीकरण करावे लागते. तंत्र बदलत असताना ज्ञान जुने राहू नये, हा यामागील हेतू आहे.

इमारतीतील प्रत्यक्ष काम

ऊर्जा व्यवस्थापकाचे पहिले शस्त्र म्हणजे मोजमाप. इमारतीचा वार्षिक वीजवापर तिच्या चटईक्षेत्राने भागला, की दर चौरस मीटरमागे किती युनिट खर्च होतात ते कळते. यास ‘ऊर्जा कामगिरी निर्देशांक’ म्हणतात. समजा, मुंबईतील ५,००० चौरस मीटरच्या वातानुकूलित कार्यालयाला वर्षाला ८ लाख युनिट लागतात. त्याचा निर्देशांक १६० येतो. ब्यूरोने २००९ मध्ये सुरू केलेल्या कार्यालयीन इमारतींच्या तारांकन योजनेच्या मूळ पट्ट्यांनुसार उष्ण-दमट हवामानात १५० ते १७५ या पट्ट्यास दोन तारे होते, तर १०० च्या खाली पाच. हाच निर्देशांक १२५ पर्यंत आणला, तर वर्षाकाठी पावणेदोन लाख युनिटांची बचत होते. ‘वीज जपून वापरा’ या पाटीने जे साधत नाही, ते असा एक आकडा साधतो. कारण तो पुढच्या वर्षी पुन्हा तपासता येतो.

दुसरे काम कारणांचा शोध घेण्याचे. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले हवा खेळविणाऱ्या मोठ्या पंख्यांचे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. १५ किलोवॅट घेणारा पंखा, गरज नसताना, रोज १२ तास पूर्ण वेगाने फिरत असेल, तर वर्षातील ३०० दिवसांत सुमारे २६ हजार युनिट अकारण खर्च होतात. वेग कमी-अधिक करणारे ड्राइव्ह बसविल्यास, त्यातील अल्पसा ऱ्हास वगळता, ही वीज वाचते.

दुसरे पॉवर फॅक्टरचे. १ एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच या एककावर आकारणी होते. प्रत्यक्ष वापर महिना ५०,००० युनिट असताना पॉवर फॅक्टर ०.८५ राहिला, तर आकारणी सुमारे ५८,८०० एककांवर होते. तो ०.९९ ठेवला, तर सुमारे ५०,५०० वर. काम तेवढेच, फरक केवळ नादुरुस्त कपॅसिटरांचा. हा फरक बिलावर छापलेला असतो, पण तो वाचणारा माणूस हवा.

तिसरे थंडाव्याचे. मोठ्या इमारतीतील चिलर चांगल्या स्थितीत असेल, तर एक टन थंडाव्यासाठी सुमारे ०.६ किलोवॅट घेतो. जुना वा दुर्लक्षित चिलर १ किलोवॅट किंवा त्याहूनही अधिक घेतो. कूलिंग टॉवर व नळ्यांमध्ये साचलेला क्षार हे त्याचे एक नेहमीचे कारण होय. खोलीतील यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरोचे अनुमान आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलकांत २४ अंश सेल्सिअस हे तापमान मूलतःच ठरवून देणे बंधनकारक झाले, ते यामुळेच.

तिसरे काम अहवालाचे. पदनिर्देशित ग्राहकाच्या ऊर्जा व्यवस्थापकास वार्षिक कृतियोजना आखणे, मापन उपकरणे अचूक ठेवणे, सहकाऱ्यांचे प्रबोधन करणे आणि ऊर्जावापराचे वार्षिक विवरण राज्याच्या नामनिर्देशित संस्थेस सादर करणे ही कर्तव्ये पार पाडावी लागतात.

प्रमाणपत्र भिंतीवर, अधिकार कपाटात

येथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. कित्येक ठिकाणी प्रमाणित माणूस असतो. त्याचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेलेही असते. परंतु खरेदीच्या बैठकीला त्याला बोलावत नाहीत. सर्वांत कमी किमतीची निविदा म्हणून घेतलेला पंप पुढील दहा वर्षांत स्वतःच्या किमतीच्या कित्येक पट वीज खातो, हे सांगणारा माणूस त्या वेळी भंडाराची नोंदवही तपासत बसलेला असतो. असे प्रमाणपत्र म्हणजे केवळ अलंकार होय.

म्हणून प्रमाणित व्यवस्थापकास चार गोष्टी मिळावयास हव्यात : मोजण्यासाठी स्वतंत्र उपमीटर, या कामासाठी राखून ठेवलेला वेळ, यंत्रखरेदीत मत देण्याचा अधिकार आणि आपला मासिक अहवाल थेट संस्थाप्रमुखापुढे ठेवण्याची मुभा. या चार गोष्टींना फारसा खर्च येत नाही. त्यांना इच्छाशक्ती लागते.

गावपातळीवर काय करता येईल?

ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला किंवा शाळेला प्रमाणित व्यवस्थापक नेमण्याचे कारण नाही. मात्र त्यामागील रीत तेथेही चालते. गेल्या बारा महिन्यांची बिले एका तक्त्यात मांडावीत. प्रत्येक जोडणी कोणत्या वास्तूची आहे हे पाहावे. पाणीपुरवठ्याचा पंप किती तास चालतो व किती पाणी देतो याची नोंद ठेवावी. एका सदस्याने वा शिक्षकाने हे काम नावानिशी अंगावर घ्यावे आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा त्याचा हिशेब द्यावा. विद्यार्थ्यांकडून असा तक्ता करून घेतला, तर गणिताच्या तासाला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही. आणि त्यांच्यापैकीच एखादा पुढे तंत्रनिकेतनातून, देखभाल विभागातून, तीन प्रश्नपत्रिकांच्या वाटेने एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा ऊर्जा व्यवस्थापक होईल.

बंधु-भगिनींनो, सार्वजनिक इमारतीतील प्रत्येक वाया गेलेले युनिट करदात्याच्या खिशातून येते आणि त्यामागे कोठेतरी कोळसा जळत असतो. आपल्या कार्यालयात परतल्यावर प्रत्येकाने आरंभीचा तो प्रश्न एकदा विचारावा : या वीजवापराला जबाबदार कोण? उत्तरादाखल एका माणसाचे नाव मिळाले, तर काम सुरू झाले असे समजावे. नाव मिळाले नाही, तर योग्य माणूस शोधून त्याला त्या परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचविणे, हेच पहिले काम होय.